शाळेतून घरी आल्यावरचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ब्राउन्सव्हिल नावाची वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व युरोपातून आलेली हजारो गरीब ज्यू कुटुंबे तेथे राहत होती. या वस्तीतील एका किराणा दुकानदाराच्या घरी बार मित्झ्वाचा समारंभ होता. आपल्याकडच्या मुंजीची आठवण व्हावी असा हा संस्कार आहे. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की सिनेगॉगमध्ये जमलेल्या समाजासमोर तो धर्मग्रंथाचे वाचन करतो आणि धर्माच्या दृष्टीने जाणता ठरतो. या मुलाने मात्र सिनेगॉगमध्ये जाण्यास नकार दिला. आईवडील श्रद्धाळू होते आणि मुलगा एकुलता होता. शेवटी तडजोड झाली. समारंभ घरीच करायचा, पाहुण्यांना बोलवायचे आणि मुलाने परंपरेप्रमाणे भाषण करायचे. मुलाने भाषण केले, तेही घरच्या यिडिश भाषेत. विषय मात्र त्याने स्वतः निवडला होता : विजेचा दिवा कसा पेटतो.

हा मुलगा म्हणजे इसिडोर आयझॅक राबी. अणूच्या केंद्रकाचे चुंबकत्व मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल १९४४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज इस्पितळात एमआरआय तपासणीसाठी ज्या यंत्रात रुग्णाला सरकवले जाते, त्या यंत्राची शास्त्रीय मुळे राबींच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतात. त्यांच्या शोधाची माहिती पाठ्यपुस्तकांत सापडते. त्या शोधापर्यंतचा प्रवास ज्या घरातून सुरू झाला, त्या घराविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

गॅलिशियाहून न्यूयॉर्कला

राबींचा जन्म २९ जुलै १८९८ रोजी रिमानूफ या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. घरात मुलाचे नाव इस्रायल आयझॅक ठेवण्यात आले. गॅलिशियातील दारिद्र्याला कंटाळून मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात वडील डेव्हिड अमेरिकेला गेले. काही महिन्यांनी आई तान्ह्या मुलाला घेऊन त्यांच्यामागे गेली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत दोन खोल्यांत त्यांचा संसार सुरू झाला.

वडिलांजवळ शिक्षण नव्हते आणि हातात ठरावीक कसबही नव्हते. त्यांनी घरोघर बर्फ पोहोचवला, रात्रीची राखणदारी केली आणि बायकांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मजुरी केली. घरात यिडिश बोलली जाई. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, काटेकोरपणे पाळला जाई. खाण्यापिण्याचे नियम मोडण्याचा प्रश्नच नव्हता. देवाचे नाव या घराच्या बोलण्यात पदोपदी येई. बायबलातील सृष्ट्युत्पत्तीच्या कथा मुलाने इतक्या ऐकल्या होत्या की आकाश, प्रकाश आणि पाणी यांच्याकडे तो त्या कथांतूनच पाहत असे. एकदा संध्याकाळी रस्त्याच्या टोकाशी मोठा चंद्र उगवताना दिसला आणि त्याला भीती वाटली, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे.

शाळेत नाव घालतानाही एक गंमत झाली. आईने मुलाचे घरगुती नाव इझी असे सांगितले. शाळेतल्या माणसाने ते इसिडोरचे लघुरूप समजून तसे लिहिले आणि एका कारकुनी समजुतीने मुलाचे नाव जन्मभरासाठी बदलले. परप्रांतात किंवा परदेशात शाळेच्या दाखल्यावर वेगळेच नाव पडलेली माणसे आपल्यातही आहेत. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याच्या घरांत एक भाषा घरची आणि दुसरी शाळेची असणे नवे नाही. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मुलाला एका बाजूचे दुसऱ्या बाजूला समजावून सांगावे लागते. राबींनी बार मित्झ्वाच्या दिवशी तेच केले. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेली वीज त्यांनी यिडिश बोलणाऱ्या पाहुण्यांना समजावली.

वाचनालयातले पहिले कपाट

१९०७ मध्ये कुटुंब ब्राउन्सव्हिलला आले आणि तेथे किराणा दुकान चालवू लागले. त्या वस्तीत सार्वजनिक वाचनालयाची एक शाखा होती. राबी तेथे जाऊ लागले. विज्ञानाच्या पुस्तकांचे कपाट त्यांनी अक्षरक्रमाने वाचायला घेतले. इंग्रजी वर्णमालेत खगोलशास्त्र सर्वांत आधी येते, म्हणून पहिले पुस्तक खगोलशास्त्राचे हाती लागले. पृथ्वी आणि इतर ग्रह सूर्याभोवती फिरतात, ही कोपर्निकसची मांडणी त्यात होती. दिवस-रात्र, ऋतू आणि चंद्राच्या कला या सगळ्यांचा उलगडा एका साध्या कल्पनेतून होतो, हे पाहून मुलगा थक्क झाला. घरी येऊन त्याने आईवडिलांना सांगून टाकले की हे सगळे अगदी सोपे आहे, मग देवाची गरज कुणाला?

त्या घरावर या वाक्याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते. जे घर देवाच्या आधारावर परमुलखात तग धरून होते, त्याच घरातला मुलगा तो आधार काढून घेत होता. तरीही आईवडिलांनी मुलाला वाचनालयात जाण्यापासून अडवले नाही. मुलानेही घर तोडले नाही. श्रद्धा आणि शंका एकाच छताखाली राहू लागल्या. घरात झालेला बार मित्झ्वा हे या सहवासाचेच रूप होते.

आईविषयीची एक आठवण राबींनी उतारवयात सांगितली. वस्तीतल्या इतर आया शाळेतून आलेल्या मुलाला विचारत, आज काय शिकलास. राबींची आई विचारी, आज एखादा चांगला प्रश्न विचारलास का. आपण शास्त्रज्ञ झालो ते या फरकामुळे, असे राबी मानत. पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथाच्या एकेका ओळीवर वाद घालत आलेल्या समाजातली ही बाई होती. चांगला प्रश्न हीच खरी विद्येची खूण, हे तिला परंपरेनेच शिकवले असावे. धर्मापासून दूर जाणाऱ्या मुलाने धर्माच्या घरातूनच आपले हत्यार उचलले, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

शाळेच्या वयातच राबींना रेडिओचे वेड लागले. भाग जोडून यंत्र बनवायचे, बिघडले की पुन्हा जोडायचे. रेडिओच्या एका भागाविषयी त्यांनी लिहिलेले टिपण त्या विषयाच्या एका मासिकात छापूनही आले. पुढे त्यांनी ब्रुकलिनमधील मॅन्युअल ट्रेनिंग हायस्कूल निवडले. आपल्या वस्तीबाहेरचे जग पाहावे, ज्यू नसलेल्या मुलांतही वावरावे, हा त्यामागचा हेतू होता.

पदवी हाती, नोकरी नाही

१९१६ मध्ये राबी कॉर्नेल विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले. लवकरच त्यांनी रसायनशास्त्राकडे मोर्चा वळवला. १९१९ मध्ये पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. त्या काळी अमेरिकेतील रासायनिक उद्योग आणि विद्यापीठे ज्यू उमेदवारांना बहुधा दारातूनच परत पाठवीत. राबींनी काही दिवस एका औषध प्रयोगशाळेत काम केले आणि नंतर हिशेबनीस म्हणून दिवस काढले. रसायनशास्त्राच्या पदवीधराने खतावण्या लिहाव्यात, ही त्या समाजात तेव्हा काही विशेष बातमी नव्हती.

१९२२ मध्ये ते कॉर्नेलला परतले. तेथे त्यांच्या लक्षात आले की रसायनशास्त्रात आपल्याला जे आवडते त्याला भौतिकशास्त्र म्हणतात. दुसऱ्या वर्षी हेलन न्यूमार्क ही न्यूयॉर्कची विद्यार्थिनी उन्हाळी सत्रासाठी कॉर्नेलला आली होती. तिच्या जवळ राहता यावे म्हणून राबी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. चरितार्थासाठी सिटी कॉलेजमध्ये अर्धवेळ शिकवू लागले. १९२६ मध्ये प्रबंध पूर्ण झाला आणि त्याच वर्षी हेलनशी लग्नही झाले.

या प्रबंधामागचा किस्सा त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. स्फटिक चुंबकाला किती प्रतिसाद देतो हे मोजण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेव्हाच्या पद्धतीत स्फटिक अचूक कोनांत कापून घासावे लागत आणि एकेका मोजणीत दिवसच्या दिवस जात. राबींना हे कंटाळवाणे काम नको होते. मॅक्सवेलचा विद्युत-चुंबकत्वावरील ग्रंथ वाचताना त्यांना युक्ती सुचली. स्फटिक एका द्रावणात टांगायचा, भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे आणि द्रावणाची तीव्रता हळूहळू बदलत जायची. एका क्षणी स्फटिक हलायचा थांबतो. त्या वेळी द्रावण आणि स्फटिक यांचा चुंबकाला मिळणारा प्रतिसाद सारखा असतो. मग फक्त द्रावण मोजायचे, आणि ते सोपे असते. या शोधनिबंधाची अमेरिकेत फारशी दखल घेतली गेली नाही. भारतात मात्र के. एस. कृष्णन यांनी तो वाचला आणि स्फटिकांच्या चुंबकत्वावरील आपल्या संशोधनात त्या पद्धतीचा उपयोग केला.

भोवरा आणि सूर

१९२७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून राबी युरोपला गेले. पुंजभौतिकीचा तो बहराचा काळ होता. म्युनिकमध्ये झोमरफेल्ड, कोपनहेगनमध्ये बोर, लाइपझिगमध्ये हायझेनबर्ग आणि पुढे झ्युरिकमध्ये पाउली, अशा दिग्गजांच्या सहवासात त्यांची दोन वर्षे गेली. मात्र त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती हॅम्बुर्गमध्ये. तेथे ऑटो स्टर्न निर्वात नळीतून अणूंचा बारीक झोत सोडून चुंबकाने तो कसा वळतो हे पाहत असत. सिद्धान्ताच्या अभ्यासासाठी गेलेले राबी या प्रयोगाच्या प्रेमात पडले.

१९२९ मध्ये हायझेनबर्ग यांच्या शिफारशीने कोलंबिया विद्यापीठात राबींची नेमणूक झाली. त्या वेळी तेथील भौतिकशास्त्राच्या अध्यापकवर्गात ते एकटेच ज्यू होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांना साधी नोकरी मिळत नव्हती, त्यांच्या प्रयोगशाळेत आता शहरातले हुशार तरुण गोळा होऊ लागले.

राबींचा मोठा शोध १९३७ आणि १९३८ या वर्षांतला. अणूचे केंद्रक स्वतःभोवती फिरते आणि एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे वागते. असे केंद्रक चुंबकीय क्षेत्रात ठेवले की त्याचा अक्ष डोलू लागतो. जमिनीवर फिरणारा भोवरा वेग मंदावला की जसा डोलतो, तसाच काहीसा हा प्रकार. हे डोलणे ठरावीक गतीने होते आणि ती गती केंद्रकाच्या चुंबकत्वावर अवलंबून असते. ती मोजायची कशी, हा प्रश्न होता. राबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंचा झोत एकामागून एक ठेवलेल्या तीन चुंबकांतून नेला. पहिला चुंबक झोताला एका बाजूला वळवी, तिसरा त्याला पुन्हा जागेवर आणी. मधल्या चुंबकात त्यांनी रेडिओ लहरींनी बदलते क्षेत्र निर्माण केले. या लहरींची कंप्रता डोलण्याच्या गतीशी तंतोतंत जुळली की केंद्रकाची दिशा उलटते. मग तिसरा चुंबक त्याला जागेवर आणू शकत नाही आणि शेवटी पोहोचणाऱ्या कणांची संख्या एकदम घटते. ज्या कंप्रतेला ही घट दिसते, तेच उत्तर.

तंबोऱ्याची एक तार छेडली की त्याच सुरात लावलेली दुसरी तार आपोआप झंकारते, हे गाणे ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. राबींनी अणुकेंद्रकाची तार अशाच सुराने ओळखली. यालाच चुंबकीय अनुनाद म्हणतात. लहानपणी ब्राउन्सव्हिलच्या घरात रेडिओ जोडणाऱ्या मुलाने आता रेडिओ लहरींच्या साहाय्याने अणूचे अंतरंग गाठले होते. पुढे १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी द्रव आणि घन पदार्थांत हाच अनुनाद टिपला. त्यातूनच पुढील काळात मानवी शरीराचे अंतरंग दाखवणारे एमआरआय यंत्र उभे राहिले. अचूक आण्विक घड्याळांची कल्पनाही याच कामातून पुढे आली. आज सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर आधारलेली आहे.

बॉम्ब आणि विवेक

दुसऱ्या महायुद्धात राबींनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील रडार प्रयोगशाळेत महत्त्वाची जबाबदारी सांभाळली. मित्र रॉबर्ट ओपेनहायमर यांनी अणुबॉम्ब प्रकल्पात उपसंचालक होण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. तीन शतकांच्या भौतिकशास्त्राची परिणती सामूहिक संहाराच्या शस्त्रात व्हावी, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. तरीही सल्लागार म्हणून ते लॉस अलामॉसला जात राहिले. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी ते हजर होते. स्फोट किती मोठा होईल यावर शास्त्रज्ञांनी पैज लावली होती. राबी उशिरा पोहोचले आणि उरलेला १८ हजार टनांचा आकडा त्यांच्या वाट्याला आला. पैज तेच जिंकले. सुरुवातीचा आनंद मात्र लवकरच ओसरला आणि अंगावर काटा आला, असे त्यांनी पुढे नमूद केले.

१९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्ब बनवावा की नाही हा प्रश्न अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीपुढे आला. राबी आणि एन्रिको फर्मी यांनी वेगळे मतपत्र जोडून नैतिक कारणांसाठी त्याला विरोध केला. १९५४ मध्ये ओपेनहायमर यांच्या निष्ठेविषयी चौकशी सुरू झाली. अनेकांनी बोलणे टाळले किंवा विरोधात साक्ष दिली. राबी मात्र मित्राच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

युरोपशी त्यांचे नाते दुहेरी होते. त्याच भूमीतून त्यांच्या आईवडिलांना पोटासाठी बाहेर पडावे लागले होते. रिमानूफमध्ये मागे राहिलेला ज्यू समाज १९४२ मध्ये नाझींनी नष्ट केला. कुटुंब तेथेच राहिले असते तर राबींचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. तरीही युद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या युरोपात विज्ञान पुन्हा उभे राहावे म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत तेच होते. १९५० मध्ये फ्लॉरेन्स येथील युनेस्कोच्या परिषदेत त्यांनी युरोपीय देशांनी एकत्र येऊन प्रयोगशाळा उभारावी असा ठराव मांडला. त्यातूनच १९५४ मध्ये जिनिव्हाजवळ सर्न ही संस्था साकारली.

अणुशक्तीचा शांततेसाठी वापर या विषयावर १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेमागेही राबींचे परिश्रम होते. तोपर्यंत गुपित म्हणून दडवलेली बरीचशी माहिती या परिषदेत पूर्व आणि पश्चिमेच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांसमोर ठेवली. परिषदेचे अध्यक्षपद मुंबईचे होमी भाभा यांच्याकडे होते. पारशी घरातला मुंबईकर आणि ज्यू घरातला ब्रुकलिनकर अशी ही दोन माणसे जगाच्या व्यासपीठावर एका कामासाठी एकत्र आली होती.

न जाणाऱ्याचे सिनेगॉग

कोलंबिया विद्यापीठात राबी अखेरपर्यंत रमले. ज्युलियन श्विंगर आणि नॉर्मन रॅमसे यांच्यासारखे पुढे नोबेल मिळवणारे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली घडले. विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून आलेल्या जनरल आयझेनहॉवर यांनी एकदा प्राध्यापकांचा उल्लेख विद्यापीठाचे कर्मचारी असा केला. तेव्हा प्राध्यापक विद्यापीठाचे कर्मचारी नसून तेच विद्यापीठ आहेत, याची राबींनी त्यांना नम्र पण स्पष्ट आठवण करून दिली. पुढे दोघांत मैत्री झाली आणि आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाल्यावर विज्ञानविषयक सल्ल्यासाठी राबींचा शब्द मानला जाऊ लागला.

लहानपणी ज्या देवाची गरज नाही असे म्हटले, त्या देवाशी राबींचा संवाद मात्र कधी तुटला नाही. ते कर्मकांड पाळत नसत. तरीही चांगले भौतिकशास्त्र करणे म्हणजे देवाच्या वाटेने चालणे होय, अशी त्यांची भावना होती. विद्यार्थ्याने आणलेला एखादा विषय क्षुद्र वाटला, तर याने तू देवाच्या जवळ जाशील का, असे ते विचारत. धर्म कोणता असे कुणी विचारले तर ते स्वतःला सनातनी ज्यूच म्हणवून घेत. आपण ज्या प्रार्थनास्थळात जात नाही ते सनातनी ज्यूंचे आहे, दुसऱ्या कुणाचे नव्हे, असे त्याचे गमतीदार स्पष्टीकरण असे. गमतीच्या आड एक कबुलीही होती. घराने दिलेल्या भाषेतूनच त्यांना विश्वाचे मोठेपण कळले होते आणि ते ऋण त्यांनी कधी नाकारले नाही.

आयुष्याच्या अखेरीस राबी आजारी पडले आणि डॉक्टरांनी त्यांना एमआरआय तपासणीला पाठवले. यंत्राच्या आतल्या चकचकीत पृष्ठभागावर त्यांना आपला चेहरा दिसला. आपल्या कामातून कधी काळी असे काही निर्माण होईल, हे आपल्या ध्यानीमनीही नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. ११ जानेवारी १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बर्फ वाहणाऱ्या आणि किराणा विकणाऱ्या डेव्हिड राबींना मुलाचे शास्त्र कितपत कळले असेल, कोण जाणे. मुलगा आपल्या श्रद्धेपासून दूर जातो आहे हे दिसत असूनही त्या घराने त्याला सिनेगॉगऐवजी घरातलीच जागा दिली, पाहुणे बोलावले आणि विजेच्या दिव्यावरचे भाषण शांतपणे ऐकून घेतले. शाळेतून आलेल्या मुलाला विचारलेल्या त्या रोजच्या प्रश्नाइतकेच त्या दिवशीचे हे ऐकून घेणेही महत्त्वाचे होते.